हलकंफुलकं आहे म्हणून सोडू नका

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी देते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या वाचनगटातली बहुतेक मंडळी साठीच्या पुढची, निवृत्तीनंतर वाचायला लागलेली. म्हणून तुम्ही मुद्दाम इंग्रज नाटककार-लेखक अ‍ॅलन बेनेट यांची 'द अनकॉमन रीडर' ही विनोदी लघुकादंबरी घेतलीत. इंग्लंडच्या राणीला उतारवयात वाचनाचं वेड लागतं, ही त्यातली गोष्ट. बैठक मात्र लवकरच आटोपली. एक जण म्हणाले, गंमत आहे, पण बोलण्यासारखं काही नाही. एका बाईंना राणीची टिंगल खटकली. तिसऱ्यांचं म्हणणं, लेखकांची इतकी अनोळखी नावं की दम लागला. आता हे पुस्तक परत घ्यावं की सोडून द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

परत घ्या. मी बरीच वर्षं अशाच वयाच्या वाचकांचे गट चालवते आहे, आणि उशिरा वाचायला लागलेल्या माणसाचं नेमकं काय होतं हे या पुस्तकाइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं काही माझ्या हाती लागलेलं नाही. तीनही आक्षेपांत थोडं तथ्य आहे. ते खोडून काढण्याऐवजी त्यांच्यातूनच पुस्तकात शिरलात तर बैठक आपोआप रंगेल.

'बोलण्यासारखं काही नाही' हे आधी घेऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. गटाला एवढंच विचारा की तुम्हाला हसू नेमकं कुठे आलं? बहुतेक जण म्हणतील, राणी आणि फिरतं ग्रंथालय, ही जोडीच मजेशीर आहे. बरोबर, पण ती मजा पहिल्या दहा पानांत संपते. पुस्तक सव्वाशे पानांच्या आतबाहेर आहे. उरलेली पानं कशावर चालतात?

ती चालतात राणीच्या नोकरीवर. राणीचं काम म्हणजे सगळ्या गोष्टींत सारखा रस दाखवणं. कारखान्याचं उद्घाटन असो, रुग्णालयाची भेट असो, नाही तर परदेशी पाहुण्यांची मेजवानी, चेहऱ्यावर तोच प्रसन्नपणा. अमुक आवडतं आणि तमुक आवडत नाही, असं तिला म्हणायची सोय नाही, कारण आवड सांगितली की कोणीतरी डावलल्यासारखं होतं. म्हणून तिला छंदही बेतानेच परवडतात. आणि वाचन ही तर पहिल्या दिवसापासून आवडनिवड शिकवणारी गोष्ट. हे पुस्तक ठेवलं, ते उचललं, हा लेखक कंटाळवाणा, त्या बाईंचं आणखी काही आहे का? साठ वर्षांच्या सरावाने घोटलेली तटस्थता अशी हळूहळू झिरपून जाते. वाचन आणि कर्तव्य यांची ही टक्कर हाच या पुस्तकातल्या विनोदाचा झरा आहे. बेनेट कुठेही असं म्हणत नाहीत की वाचनाने राणी 'चांगली राणी' झाली. उलट, कामाच्या दृष्टीने ती दिवसेंदिवस बिघडत जाते.

आता तो पहिला प्रसंग सावकाश पाहा. त्यात सगळं बीज आहे. राजवाड्यातले कॉर्गी कुत्रे नेहमीच्या वाटेने आत न जाता मागच्या अंगाला धावतात आणि भुंकायला लागतात. स्वयंपाकघराच्या दाराशी, कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी वेस्टमिन्स्टर नगरपालिकेच्या फिरत्या ग्रंथालयाची गाडी उभी आहे. कुत्र्यांच्या गोंधळाबद्दल माफी मागायला राणी गाडीत चढते. आत चालक-ग्रंथपाल हचिंग्ज आणि पुस्तक चाळत बसलेला नॉर्मन सीकिन्स, स्वयंपाकघरातला पोऱ्या. आता आलोच आहोत तर एखादं पुस्तक न नेणं बरं दिसणार नाही. पण तिच्याकडे ग्रंथालयाचं कार्ड नाही. मग ती सांगते की आपण निवृत्तिवेतनाच्या वयाच्या आहोत, त्याने काही फरक पडतो की नाही हे तिलाही ठाऊक नसतं. हचिंग्ज म्हणतो, सहा पुस्तकं नेता येतील. सहा! ती एकच नेते.

म्हणजे पहिलं पुस्तक आवडीने घेतलेलं नाही, शिष्टाचार म्हणून घेतलेलं आहे. ते आयव्ही कॉम्प्टन-बर्नेट यांचं आहे, कारण ते नाव तिला आठवतं. या लेखिकेला आपणच 'डेम' हा, म्हणजे 'सर'सारखाच पण स्त्रियांना मिळणारा किताब दिला होता. (हे खरंच घडलेलं आहे, 1967 साली.) या बाईंच्या कादंबऱ्या जवळजवळ सगळ्या संवादांतच चालतात. कोण बोलतंय हे कळायला सुद्धा मान वर करून परत मागे जावं लागतं. नवख्या वाचकासाठी यापेक्षा वाईट निवड शोधून सापडायची नाही. तरी राणी ते पूर्ण वाचते, कारण ताटात वाढलेलं टाकायचं नाही या वळणात ती वाढली आहे.

इथे तुमच्या गटाला थांबवा आणि हात वर करायला सांगा की निवृत्तीनंतर वाचलेलं पहिलं पुस्तक किती जणांनी केवळ 'हाती घेतलं आहे तर संपवायचं' म्हणून संपवलं? आमच्याकडे एक निवृत्त लेखापाल येतात. सुरुवातीला ते प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक टिक करायचे. पान वाचून झालं, ताळा जमला, पुढे चला. पुस्तक कसं वाटलं विचारलं की सांगायचे, 'झालं.' पुढे एकदा त्यांनी एक कादंबरी आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, 'ही मी अर्धवट सोडली, नायक खोटारडा आहे.' त्या पुस्तकात पंचविसाव्या पानानंतर एकही टिक नव्हती. मला वाटतं त्यांचं वाचन त्या दिवशी सुरू झालं.

राणीच्या बाबतीत हा पालट दुसऱ्या पुस्तकाने होतो. पुढच्या बुधवारी ती पुस्तक परत करायला येते आणि नॅन्सी मिटफर्ड यांचं 'द परस्यूट ऑफ लव्ह' घेऊन जाते. 1945 सालची ही कादंबरी चटपटीत आणि खुसखुशीत आहे, आणि त्यातले घरंदाज लोक तिच्या ओळखीच्या जगातले. बेनेट तिथे लेखक म्हणून स्वतः मध्ये येऊन सांगतात की ही निवड नशिबाची होती. या टप्प्यावर तिच्या हाती हेन्री जेम्स यांच्या उत्तरकाळातलं लांबलचक, अवघड काही पडलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. मला हे वाक्य सोन्यासारखं वाटतं. उशिरा वाचायला लागलेल्या माणसाला आपण उत्साहाच्या भरात 'थोर' पुस्तकं देतो. तो ती मान खाली घालून संपवतो आणि मग आयुष्यभर म्हणतो, वाचन आपल्याला जमत नाही बुवा. पहिलं पुस्तक शिस्तीवर निभावतं, पण माणूस वाचक होणार की नाही हे दुसरं पुस्तक ठरवतं. पुढे राणी हेन्री जेम्सपर्यंतही पोचते. वाचता वाचता त्याच्या लांबणीला वैतागून 'अहो, पुढे चला ना' अशा अर्थाचं काहीतरी मोठ्याने म्हणते, आणि चहाची ट्रॉली आवरणाऱ्या मोलकरणीला वाटतं आपल्यालाच दटावलं. तोपर्यंत तिला लेखकावर चिडायचा हक्क आलेला असतो.

त्या गाडीबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण बेनेट यांनी ती उगाच तिथे उभी केलेली नाही. विंडसरच्या किल्ल्यात राजघराण्याचं स्वतःचं ग्रंथालय आहे, पुस्तकांना तोटा नाही. तरी राणीला वाचनाची गोडी लागते ती करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या गाडीत, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1850 साली झाला, आणि त्यानंतर काही वर्षांतच वॉरिंग्टन इथे घोड्याच्या गाडीतून पुस्तकं फिरवायला सुरुवात झाली होती. बेनेट स्वतः लीड्सचे, खाटीककाम करणाऱ्याचे चिरंजीव, आर्मलीच्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचून मोठे झालेले. 2011 मध्ये लंडनमधलं केन्सल राइज ग्रंथालय बंद करायचं घाटत होतं तेव्हा ते तिथे जाऊन त्याच्या बाजूने बोलले. ते ग्रंथालय 1900 साली मार्क ट्वेन यांच्या हस्ते सुरू झालं होतं. तेव्हा ती गाडी नुसतं नेपथ्य समजून पुढे जाऊ नका.

त्याच ओघात कादंबरीतली एक आठवण येते. 8 मे 1945, युरोपातलं युद्ध संपल्याची रात्र. तरुण एलिझाबेथ आणि तिची बहीण राजवाड्यातून बाहेर पडून गर्दीत मिसळल्या होत्या, कोणी ओळखलं नाही. ही घटना खरी आहे. बेनेट यांच्या राणीला वाचताना ती रात्र आठवते. पुस्तकाला समोर कोण बसलंय याची फिकीर नसते, ते कोणासाठी उठून उभं राहत नाही. जन्मभर ज्या बाईसाठी सगळे उठून उभे राहिले तिला याचं केवढं अप्रूप वाटलं असेल! तुमच्या गटातही असे लोक असतील. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेली माणसं पहिल्या वर्षी पुस्तकाशी भांडतात, कारण ते त्यांचं ऐकत नाही.

आता गोंधळाचे प्रसंग. संसदेच्या उद्घाटनाला जाताना राणी बग्गीत पुस्तक खिडकीच्या खाली धरून वाचते आणि वरून हात हलवत राहते. हे तिला छान जमतं. लोकांना भेटताना 'लांबून आलात का?' या नेहमीच्या प्रश्नाऐवजी ती विचारायला लागते, 'सध्या काय वाचताय?' समोरचे तंतरतात. हा प्रश्न कोणी घोकून आलेलं नसतं. दरबारी मंडळी अस्वस्थ होतात. खासगी सचिव सर केव्हिन स्कॅचर्ड यांना तर वाचन म्हणजे इतरांना बाहेर ठेवणारी, स्वार्थी गोष्ट वाटते. पुस्तकात हे त्यांच्या तोंडी आलं की आपण हसतो, पण आक्षेप अगदीच पोकळ नाही. वाचणारा माणूस खोलीत असूनही खोलीत नसतो. तुमच्या सभासदांच्या घरच्यांना विचारा, ते सर केव्हिनच्या बाजूने उभे राहतील. हा प्रश्न बैठकीत जरूर काढा. आमच्याकडे याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं, आणि एरवी गप्प बसणारी माणसं बोलली.

पण माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात कडू आणि सगळ्यात चांगला विनोद वेगळाच आहे. वाचायला लागल्यावर राणीला आजूबाजूच्या माणसांच्या मनात काय चाललंय ते दिसायला लागतं. पूर्वी जे तिच्या गावीही नव्हतं, म्हणजे एखाद्या सेवकाचा हिरमोड, कोणाची अडचण, ते तिला जाणवतं. त्याच काळात तिला कपड्यांचा, वेळेचा थोडा विसर पडतो. दरबार या दोन गोष्टी एकत्र करतो आणि निष्कर्ष काढतो की बाईंचं वय झालं, बुद्धी चळायला लागली. जी संवेदना आयुष्यात पहिल्यांदा जागी होते आहे तिला लोक म्हातारचळ म्हणतात. विशीतल्या पोराला पुस्तकाचं वेड लागलं की घरचे म्हणतात हुशार आहे. सत्तरीतल्या माणसाला लागलं की डॉक्टरांकडे नेऊ या का, अशी कुजबूज सुरू होते. ही पानं मोठ्याने वाचा. हसू येईल, आणि मग थोडा वेळ कोणी बोलणार नाही. ती शांतता भरून काढायला जाऊ नका.

ज्या बाईंना टिंगल खटकली त्यांना एवढं सांगा की खोलीतली सगळ्यात शहाणी व्यक्ती कोण आहे ते प्रत्येक प्रसंगात तपासून पाहा. ती प्रत्येक वेळी राणीच निघते. फजिती होते ती पंतप्रधानांची, सल्लागारांची, सचिवांची. बेनेट राजेशाहीचे भाट नाहीत. 1988 मध्ये त्यांनी 'सीबीई' हा सरकारी सन्मान नाकारला आणि 1996 मध्ये 'सर' हा किताबही. पण राणीचं पात्र ते आधीही मायेने रंगवत आले आहेत. 1988 च्याच 'अ क्वेश्चन ऑफ अ‍ॅट्रिब्यूशन' या नाटकात राणी आणि तिच्या चित्रसंग्रहाची देखरेख करणारा कलातज्ज्ञ अँथनी ब्लंट यांचा प्रवेश आहे. ब्लंट सोव्हिएत हेर होता. राणी बोलते खोट्या-खऱ्या चित्रांबद्दल, आणि तिला त्याचं गुपित ठाऊक आहे की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. 'अनकॉमन रीडर'मधली राणी त्याच घडणीची आहे. ही लघुकादंबरी मार्च 2007 मध्ये आधी 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये छापून आली तेव्हा एलिझाबेथ द्वितीय ऐंशीच्या पुढे होत्या आणि गादीवर होत्या. जिवंत, राज्य करणाऱ्या व्यक्तीवर असं लिहायला धाडस लागतं आणि जिव्हाळाही. तरीही बाईंना पटलं नाही तर सोडून द्या. त्यांनी आपली नावड ठामपणे सांगितली, हेही वाचकाचंच लक्षण आहे.

नावांचा भडिमार ही अडचण खरी आहे, आणि तिच्यासाठी कोण लेखक कसा ते सांगणारी एक चिठ्ठी पुरते. कॉम्प्टन-बर्नेट आणि मिटफर्ड वर आल्याच. झाँ जने हा फ्रेंच लेखक चोऱ्या करून तुरुंगात गेलेला, समलैंगिक, उघडपणे समाजाबाहेरचा. म्हणून विंडसरच्या मेजवानीत राणी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना त्याच्याबद्दल विचारते तेव्हा ते गडबडून आपल्या संस्कृतिमंत्र्यांना शोधायला लागतात. मार्सेल प्रूस्त म्हणजे सात खंडांची कादंबरी, चहात बुडवलेल्या केकच्या तुकड्यावरून सुटलेली आठवणींची माळ. नॉर्मन राणीला जे लेखक सुचवतो त्यांतले पुष्कळसे समलैंगिक आहेत, कारण तो स्वतःच्या आवडीने सुचवतो आणि त्याचं वाचन तसंच झालेलं आहे. बेनेट हा धागा हळूच ओढतात, त्याचं प्रदर्शन मांडत नाहीत. बाकीची नावं कळली नाहीत तरी काही बिघडत नाही. राणीलाही सुरुवातीला ती ठाऊक नव्हती. तुमचे सभासद आणि नायिका एकाच पायरीवर उभे आहेत, एवढं सांगितलं तरी दम कमी लागेल.

पुस्तक निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. मधला भाग, म्हणजे नॉर्मनला दूर करायचे डाव, त्याची विद्यापीठात रवानगी, जुन्या सचिवाला बोलावून समजूत घालायला लावणं, हा मला थोडा फार्ससारखा वाटतो. सर केव्हिन हे पात्र कागदी राहतं. गटात वेळ कमी असेल तर ही पानं सांगून पुढे जा.

शेवटावर मात्र वेळ काढा, कारण तिथे पुस्तक अनपेक्षित वळण घेतं. राणी वाचता वाचता वहीत टिपणं करू लागते. आधी इतरांची वाक्यं उतरवते, मग स्वतःची. हळूहळू तिच्या लक्षात येतं की वाचून आपलं भागत नाही. वाचन म्हणजे शेवटी बघत बसणं, आणि आयुष्यभर तिने तेच तर केलं आहे, समारंभ बघणं. तिला काहीतरी करायचं आहे, म्हणजे लिहायचं आहे. ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या सल्लागार मंडळाच्या सभासदांना बोलावून ती हे जाहीर करते. मंडळी घाबरतात, राज्यावर असताना असं पुस्तक लिहिता येणार नाही म्हणतात, आणि ती त्यांना शांतपणे सुचवते की म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं. तिच्या काकांनी, आठव्या एडवर्ड यांनी, 1936 साली एका स्त्रीसाठी गादी सोडली होती. ही पुस्तकासाठी सोडायला निघाली आहे. प्रत्यक्षातल्या एलिझाबेथ यांनी तसं काही केलं नाही. 8 सप्टेंबर 2022 ला मृत्यू येईपर्यंत त्या राणीच होत्या. त्यामुळे आज वाचताना तो शेवट 2007 पेक्षा वेगळा लागतो. कसा, ते गटाला ठरवू द्या.

वाचनाची थोरवी गाणारं पुस्तक म्हणून ज्यांनी हे उचललं त्यांची इथे पंचाईत होते. मला तरी वाटतं बेनेट वाचनाला शेवटचं स्थानक मानत नाहीत. तुमच्या गटात कोणी चोरून काही लिहीत असेल, आठवणी, पत्रं, डायरी, तर या चर्चेत ते बाहेर येण्याची शक्यता आहे. विचारून पाहा, पण कोणाला वाचून दाखवायला लावू नका.

पुढच्या बैठकीसाठी माझा बेत असा असेल. कुत्र्यांपासून दुसऱ्या बुधवारपर्यंतची पानं दोघांनी मिळून मोठ्याने वाचायची, एकाने राणी, एकाने बाकी सगळे. बेनेट नाटककार असल्यामुळे संवाद तोंडात सहज बसतात. मग बग्गी, मग म्हातारचळाची पानं, मग थेट वाढदिवस. ज्यांना बारीक टाइप त्रास देतो त्यांच्यासाठी खुद्द बेनेट यांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण निघालेलं आहे. त्यांचा तो उत्तर इंग्लंडचा, जरासा रडवेला सूर ऐकला की अर्धे विनोद नव्याने कळतात. आणि जे म्हणाले बोलण्यासारखं काही नाही, त्यांनाच सर केव्हिनची बाजू मांडायला सांगा. ते उत्तम मांडतील असं मला तुमच्या पत्रावरून वाटतंय.